कोठीच्या तळाची ज्वारी

मी दमलोय असं म्हटलं की आमच्या गावात लोक हसतात. चिटगुप्प्याच्या बाजारातून निघालेल्या रिक्षात मी गोष्ट सुरू करतो ती गाव आलं तरी संपत नाही. रिक्षावाला म्हणतो, "मामा, अजून एक फेरी मारू काय?" असा माणूस दमतो कसा? पण मागच्या साली मी आमच्या रानात ज्वारी पेरली, आणि तेव्हा जो शीण अंगात शिरला तो अजून निघालेला नाही.

ज्वारी पेरली यात सांगण्यासारखं काय, असं बाहेरच्याला वाटेल. पण आमच्या शिवारात आता पावसाळ्यात सोयाबीन आणि थंडीत हरभरा, एवढीच दोन पिकं राहिली आहेत. सोयाबीन गावात कुणी खात नाही. मशीन येतं, मळून देतं, टेम्पो येतो, घेऊन जातो. मग आम्ही रेशनचा तांदूळ आणि दुकानातला आटा आणतो आणि संध्याकाळी पोरांसाठी पाकिटातल्या शेवया उकडतो. हायवेवरच्या धाब्यावर पाटी आहे, 'ज्वारीची भाकरी मिळेल'. तिथं आमच्याच गावची माणसं गाडी थांबवून हौसेनं भाकरी खातात आणि फोटो काढतात. मीही काढलाय.

मला आणि माझ्या थोरल्या भावाला एकाच महिन्यात साखर निघाली. बिदरच्या डॉक्टरांनी भात कमी करा, भाकरी खा म्हणून सांगितलं. झालं! मला भाषणाला विषय मिळाला. चहाच्या टपरीवर, देवळाच्या पायरीवर, लग्नाच्या पंगतीत मी एकच प्रवेश करत सुटलो: आपलं रान, आपलं धान्य, आपलं पोट. शेवटी भाऊच वैतागला. त्याला मी अण्णा म्हणतो. तो फार बोलत नाही; घरातल्या बोलण्याचा त्याचा वाटाही मीच उचलतो.

"नाटक्या," अण्णा म्हणाला, "बोलायलास कामून? पेर की."

"पेरू?"

"वढ्याकडचा तुकडा घे. सोयाबीन निघालं की पेर. घरातली कोठी भरली तर दरसाल पेर, मी इचारणार न्हाई. न्हाई भरली तर तितं हरभरा, अन् ज्वारीचं नाव काढायचं न्हाई."

पैज अशी ठरली. कोठी म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातला पत्र्याचं उंच पिंप, माझ्या खांद्याएवढं. मला वाटलं, भरेलच. न भरायला काय झालं?

ज्वारी आली मात्र देखणी. काळ्या रानात पावसाचं एक टिपूस नसताना, नुसत्या जुन्या ओलीवर, डोक्याच्या वर गेली. येळवशीला तर माझा थाट काय विचारता! त्या अमावास्येला आमच्याकडं घरोघरची माणसं रानात जेवायला जातात, कडब्याची कोप, म्हणजे छोटी खोपी, करून आत पूजा मांडतात. आता कुणाच्याच रानात कडबा नाही, म्हणून सगळा गाव ज्वारीची धाटं मागायला माझ्याकडं. मी राजासारखा बांधावर उभा राहून वाटत होतो. धाटं वाटली, ती कणसांसकट वाटली. मग बिदरचे मित्र आले, भालकीचे पाहुणे आले, हुरडा खायला. मी आगटी पेटवली, कणसं भाजून हातावर चोळून दिली, आणि पुन्हा भाषण केलं. ते खात होते, माना डोलवत होते. चार रविवार हे चाललं. पाचव्या रविवारी वहिनी भजी-आंबील घेऊन रानात आली आणि नुसत्या धाटांच्या पट्ट्याकडं बघत उभी राहिली.

"भावजी, पाखरं बरी म्हणायची. ती भाषण तरी मागत न्हाईत."

पाखरं त्यानंतर आली. पूर्वी सगळ्या शिवारात ज्वारी असायची, तेव्हा पाखरं सगळ्यांकडं थोडी थोडी वाटली जायची, कुणाचं फार बिघडत नसे. आता दहा गावांत ज्वारी फक्त माझी. दहा गावांच्या भोरड्या माझ्याकडं. ढग उतरावा तसा थवा उतरायचा आणि उठायचा तेव्हा कणसं पांढरी पडलेली असायची. मी मचाण बांधलं. गोफण फिरवली, पहिला दगड माझ्याच मोटरसायकलच्या आरशाला लागला. डबे वाजवले. चकचकीत पट्ट्या बांधल्या. मग अक्कल लढवली: माझं ओरडणं मोबाईलमध्ये भरलं आणि भोंग्यावर लावून दिलं. दोन दिवस पाखरं बिचकली. तिसऱ्या दिवशी एक भोरडी भोंग्यावरच बसून अंग साफ करत होती.

तेव्हा स्वतःच ओरडणं आलं. दिवस उगवल्यापासून उन्हं उतरेपर्यंत, महिनाभर. सगळी सोंगं काढून झाली: वाघ, फौजदार, आमच्या शाळेतले हेडमास्तर. शेवटी घसा असा बसला की घरी आल्यावर मीठ मागायचं तरी हातवारे करावे लागत. वहिनी बायकोला म्हणाली, "घर किती मोठं झाल्यासारखं वाटायलंय, न्हाई?"

ज्वारी काढायला मजूर मिळेनात. हरभऱ्याला येतो म्हणाले, पण ज्वारी उपटायला नाही. हात सोलून निघतात. मग अण्णा आणि मी दोघांनी उपटली. अण्णानं निम्मं रान उपटलं. पैज त्याला जिंकायची होती, तरी एक धाट मागं ठेवलं नाही त्यानं. पाठ सरळ करताना आम्ही दोघंही म्हाताऱ्या बैलांसारखे आवाज काढत होतो.

मळणी झाली. पोती बघूनच मला कळलं, कोठी निम्मीही भरणार नाही.

इथं मी तो पराक्रम केला. मळणीच्या दिवशीच सकाळी अण्णा दोन दिवसांसाठी राजेश्वर गावी लग्नाला गेला होता, वहिनी आणि बायकोही बरोबर. मी चिटगुप्प्याला गेलो आणि एका दुकानातून पांढरी शुभ्र ज्वारी आणली. डोकं बघा माझं! बाजारची ज्वारी कोठीत आधी ओतली, आणि वर आमची. झाकण उघडलं की डोळ्यांपुढं आपलीच टपोरी ज्वारी, काठोकाठ. अण्णा परत आला, त्यानं झाकण उघडलं, हात घातला, दाणे तळव्यावर घेऊन बघितले.

"भरली की रं," तो म्हणाला. त्याच्या तोंडावर मला आनंद दिसला. हरल्याचा आनंद. मला बरं वाटायला हवं होतं.

मी एक गोष्ट विसरलो होतो, किंवा आयुष्यात कधी मला ठाऊकच नव्हती, कारण स्वयंपाकघरात मी फक्त जेवायला जातो. कोठीचं धान्य वरून काढत नाहीत. तळाशी एक लहान दार असतं. ते सरकवायचं, खाली सूप धरायचं.

दळण आलं. वहिनी थापायला बसली. पहिली भाकरी काठाला चिरली. दुसरी परातीतून उचलताना मधोमध तुटली. तिसरी तव्यावर टाकताना. दुकानदारानं मला कधीची पडून राहिलेली ज्वारी दिली होती कोण जाणे. पिठाला चिकटपणा म्हणून नव्हता. वहिनीच्या हातची भाकरी तुटलेली मी जन्मात पाहिली नव्हती. अण्णानं तुकडे गोळा करून दुधात कुस्करले आणि खाल्ले. मीही खाली मान घालून खाल्ले.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी वहिनीनं बायकोला परातीपुढं बसवलं, तिचीही तुटली, तरी वहिनीचं समाधान झालं नाही. दुपारी ती ओसरीवर बसून उजवा हात डाव्या हातानं चोळत होती. तिचा खांदा वर्षभर दुखत होता.

"भावजी, माझ्या हातातलं बळ गेलं वाटतं," ती म्हणाली. "एवढी वर्सं थापल्या. आता पीठ धरवंना."

मी म्हणालो, "तसं काही न्हाई, वैनी."

त्याच संध्याकाळी अण्णा रानातून आला आणि पाय न धुताच बसला. "वढ्याकडचा तुकडा बाद झाला असंल," तो म्हणाला. "इतकी वर्सं सोयाबीन अन् फवारे. जमिनीतच दम राहिला न्हाई, मग दाण्यात कुठून यील? माझीच चूक हाय."

कोठी भरल्याचं अण्णानं मान्य केलं होतं. मी गप्प बसलो असतो तर ज्वारी दरसाल माझी होती. आणि सांगतो, मी रात्रीचं जेवण होईपर्यंत गप्प बसलो. पुन्हा तुटकी भाकरी आली. वहिनीनं ती ताटात वाढताना तुकडे जुळवून गोल केली, मोडलेली दिसू नये म्हणून. ते मला बघवलं नाही.

"वैनी, हात तुमचे बरे हायत. जमीनबी बरी हाय," मी म्हणालो. "ही ज्वारी आपली न्हाई. चिटगुप्प्याची हाय. खाली ती, वर आपली."

मग वहिनी उठली, चुलीपुढं गेली, परत आली.

"तीन दिस मी रडायचं तेवढं रडले," ती म्हणाली. "डॉक्टरकडं जायचं म्हणून ह्यांच्या मागं लागले. अन् तुमी माझ्यापुढं बसून खायलाव!"

"चुकलं, वैनी."

"लुगड्याला हात पुसून मी देवाला इचारलं, माझे हात कामून नेलास म्हणून!"

ती रागानं बोलत होती आणि बोलता बोलता हाताची बोटं उघडझाप करून बघत होती. अण्णानं ताटातला शेवटचा तुकडा चावून संपवला. त्याला खूप वेळ लागला.

"म्हंजे कोठी भरली न्हाई," तो म्हणाला.

"न्हाई."

"निम्मी तर?"

"निम्मीला बी कमीच."

"मग हरभरा."

"व्हय."

मी वाद घातला नाही. घालण्यासारखं काही नव्हतं. दुसऱ्या दिवशी कोठी रिकामी केली, आमची ज्वारी वेगळ्या पोत्यात भरली. त्या ज्वारीची भाकरी वहिनीनं केली, ती पापुद्रा धरून टम्म फुगली. पाडव्यानंतर थोड्याच दिवसांत ती ज्वारी संपली.

या वर्षी मी अजून तीन शेजाऱ्यांकडं जाऊन आलो. सगळे मिळून पेरू, म्हणजे पाखरं वाटली जातील, हे माझं म्हणणं सगळ्यांनी ऐकून घेतलं. एक म्हणाला, "तू पेर, आमी हुरड्याला येतो." दुसऱ्यानं चहा पाजला. तिसरा म्हणाला, "उपटणार कोण?"

ओढ्याकडं हरभरा आहे. बांधाला लागून अण्णानं एक पट्टा ज्वारीचा पेरलाय खरा, पण दाट, म्हशीच्या वैरणीसाठी. कणीस यायच्या आत हिरवी कापायची, म्हणजे पाखरं फिरकत नाहीत. रोज सकाळी ती मीच कापतो. आज काही धाटं पोटाशी फुगलेली दिसली. अजून आठवडाभरानं त्यातून कणीस बाहेर आलं असतं. मी विळा घेऊन जरा उभा राहिलो.

"काय बघायलास?" अण्णा हरभऱ्यातून ओरडला.

"काही न्हाई. कंबर धरली."

"मग बस. राहिलेली मी कापतो."

"कापतो मीच," मी म्हणालो, आणि वाकलो.