गाऱ्हाण्यातली जादा ओळ

बॉलर धावत यायचा तेव्हा त्याच्या पावलांचा आवाज यायचा नाही. कापणी झालेल्या मळ्यात भाताचे खुंट सुकून टोकदार झालेले असतात, त्यावर मांजर चाललं तरी कुरकुर होते. पण हा पंधरा पावलं धावत यायचा आणि काही ऐकू यायचं नाही. मी यष्टिरक्षक आणि कर्णधार, त्यामुळे समोरून त्याला येताना सगळ्यात जास्त मीच पाहिलं आहे. सहा वर्षं पाहिलं, आणि आपल्याच संघाचा माणूस असूनही दर वेळी मी नकळत अर्धं पाऊल मागे सरकायचो.

त्याचं खरं नाव मतदार यादीत असेल. वाडीत तो बॉलर. त्याची आई मासे विकायला बसायची, तीसुद्धा बाजारात विचारायची, "आमचो बॉलर दिसलो काय रे?" सकाळी तो मामाच्या होडीवर जाळं ओढायचा आणि दुपारी टेनिस बॉल टाकायचा. दोन्ही कामं एकाच खांद्याची. तेव्हा याचा विचार कोणी केला नाही. मी तर नाहीच.

गोलंदाजी करताना तो फलंदाजाकडे कधी बघत नसे. मधल्या यष्टीवर नजर लावायचा आणि ती हलवायचा नाही. एकदा मी कारण विचारलं तर म्हणाला, "माणसाक बघलंय तर दया येता." सावंतवाडीकडचा एक सलामीवीर त्याला बघून हसला होता, चपला घालून खेळतो म्हणून. दुसऱ्याच चेंडूवर त्याची यष्टी उपटून माझ्या पायाशी पडली. बॉलर सावकाश चालत आला, यष्टी उचलून परत रोवली आणि मला म्हणाला, "माझां काम झालां." षटक संपलं की चेंडू माझ्या हातात देताना हे वाक्य ठरलेलं असायचं. उरलेलं काम आमचं होतं, आणि ते आमच्याने होत नसे.

आमच्या संघाची फलंदाजी हा विषय न काढलेला बरा, पण काढायलाच हवा. एकदा सहा षटकांत एकतीस धावा करायच्या होत्या, बॉलरने समोरच्यांना तीसवरच गुंडाळलं होतं, आणि आम्ही एकोणीसवर सगळे परत आलो. अंतिम सामना होता तो. आम्ही खेळत असताना बॉलर मैदानाकडे पाठ करून बांधावर बसायचा आणि समुद्राकडे बघत राहायचा. सामना संपल्यावर माझा चेहरा बघायचा आणि उठून सायकल काढायचा. एका शब्दाने कोणाला बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

एवढ्या अबोल माणसाचा आवाज एकाच ठिकाणी मोठा व्हायचा, तो गाऱ्हाण्याला. आमच्याकडे कुठलंही काम देवाला सांगितल्याशिवाय सुरू होत नाही, मग ते लग्न असो, होडी असो की क्रिकेट. हंगामाच्या आधी सगळा संघ देवळात जायचा. माझे चुलते मानकरी, नारळ ठेवून तेच गाऱ्हाणं घालायचे आणि प्रत्येक ओळीला आम्ही होकार भरायचा. "बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां बॅट-बॉल घेवन तुझ्या पायाकडे इलीहत, तेंका यश दी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा." सगळ्यांत खणखणीत होकार बॉलरचा. यश देवाने कधी दिलं नाही, पण होकारात आम्ही कमी पडलो नाही.

मागच्या हंगामात मी काकांना एक ओळ जादा घालायला लावली. त्याच्या आदल्या वर्षी आमचा एक चांगला फलंदाज स्पर्धा चालू असतानाच शेजारच्या वाडीकडून उतरला होता आणि तो राग माझ्या डोक्यात होता. काका कुरकुरले, "असला मागूचा नसता रे." मी हट्ट धरला. मग त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आणि जो कोण ह्या वाडीक सोडून दुसऱ्याच्या बाजून मैदानात उतरात, तेचो हात खांद्याच्या वर जावक देव नको रे म्हाराजा." आम्ही सवयीने म्हणालो, "व्हय म्हाराजा." बॉलरचा आवाज नेहमीसारखाच सगळ्यांच्या वर होता. काकांनी नारळ फोडला, तो वेडावाकडा फुटला.

या वर्षी, हंगाम सुरू व्हायच्या तोंडावर, मी किनाऱ्यावर गेलो तेव्हा तो जाळं निवडत बसला होता. मान वर न करता म्हणाला, "कॅप्टन, माका सोड. कट्टा गावचे तेंच्या संघात बोलवतत. माझी बॉलिंगची दोनच वर्सां ऱ्हवलीत रे. हरान हरान कंटाळलंय." मी काही बोलायच्या आत पुढे म्हणाला, "पण आधी तां गाऱ्हाणां मागे घी. मीयव व्हय म्हटलंय तेका."

काकांना विचारलं तर ते लगेच तयार झाले. त्यांची एकच अट होती, "जेच्या सांगण्यान घातलां, तेनाच नारळ धरूक होयो." म्हणजे मी. देवळात जाऊन पाच मिनिटं उभं राहायचं, एवढंच काम.

मी ते केलं नाही. आधी म्हणालो, रविवारची स्पर्धा होऊ दे. मग अमावास्या आली. मग लांबच्या भावकीत कोणाला तरी मुलगा झाला आणि आम्हाला सुवेर लागलं. सुवेरात देवळाची पायरी चढायची नाही, ही गोष्ट खरीच आहे. पण एरवी त्या भावकीच्या लग्नालासुद्धा मी गेलो नव्हतो. या वेळी त्यांचं सुवेर मी अकरा दिवस मनापासून पाळलं. या सगळ्या टाळाटाळीत बॉलरला आमच्याकडून सात सामने खेळवले. तो खेळला, कारण गाऱ्हाणं उतरल्याशिवाय त्याला जायचं नव्हतं. मला ते ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक होतं की मला ठाऊक आहे.

पाचव्या सामन्यानंतर चेंडू माझ्या हातात देताना तो म्हणाला, "खांदो जड झालोहा." मला वाटलं, जायचं म्हणून निमित्त काढतोय. त्याच्या आईने मला बाजारात थांबवलं. सुरमईवरच्या माश्या वारत ती म्हणाली, "काल तेना जेवताना डाव्या हातान घास घेतलो. तू देवळात कधी जातलंस रे बाबा?" सोमवारी सुवेर फिटलं की, असं मी सांगितलं. सोमवार आला आणि गेला. सातव्या सामन्यात त्याने तीन बळी घेतले, आम्ही हरलो, आणि या वेळी चेंडू देताना तो काहीच बोलला नाही.

दुसऱ्या दिवशी माझी वाट बघायची सोडून तो कट्ट्याला निघून गेला. गाऱ्हाणं तसंच होतं.

त्याचा तिकडचा पहिला सामना मोबाइलवर दाखवत होते. दुपारी आमच्या पडवीत काका आणि मी बघत होतो. नवा गणवेश, नवे बूट. पहिले दोन चेंडू चांगले पडले आणि मला हायसं वाटलं, हे मी शपथेवर सांगू शकतो. तिसऱ्या चेंडूला तो धावत आला, हात वर जायला लागला आणि खांद्याशी थांबला. चेंडू हातातून गळून त्याच्याच पायाशी पडला. तो उजवा हात डाव्या हाताने धरून उभा राहिला. समालोचकाला कळेना काय झालं, तो जाहिरात वाचायला लागला. काकांनी मोबाइल उलटा करून ठेवला आणि आत गेले.

डॉक्टरांनी सांगितलं की आतला स्नायू फाटलाय, बरेच दिवसांपासून फाटत आला असणार. वाडी म्हणते देवाने केलं. मला दोन्ही पटतं आणि दोन्हीत फरक वाटत नाही. ओळ माझी होती आणि सात सामनेही माझेच होते.

त्याच आठवड्यात मी नारळ घेऊन देवळात गेलो. सगळा संघ आला, बॉलरही आला. उजवा हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकवून मागच्या खांबाशी उभा राहिला. काकांनी डोळे मिटून गाऱ्हाणं घातलं. "मागल्या वर्सा ह्या लेकरांच्या तोंडातसून जां काय वाकडां भायर पडलां, तां पोटात घी रे म्हाराजा." "व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो. मी मान खाली घालून नारळ धरला होता, पण माझे कान मागे होते. काकाही थांबले. त्यांनी तीच ओळ पुन्हा म्हटली. आम्ही पुन्हा होकार भरला. खांबाकडून आवाज आला नाही.

"फोड," काका मला हळूच म्हणाले. मी नारळ फोडला आणि वळून पाहिलं. खांबाशी कोणी नव्हतं. तो कधी निघून गेला ते कळलं नाही, पावलं वाजलीच नाहीत.