डाव्या वळणाचा राहता पत्ता

आमच्या बागवानबाईंना पंच्याहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत. या गौरवग्रंथातला माझा लेख मी संयमाने लिहावा, अशी संपादकांची सूचना आहे. सूचना रास्तच आहे, पण गेल्या महिन्यात जे घडले त्यानंतर संयम मला जमणार नाही, हे आधीच सांगून टाकते. तरी रीत म्हणून सुरुवात पहिल्या ओळखीपासून करते.

वरूडजवळच्या गावातून मी प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करायला पुण्यात आले. पहिल्याच प्रात्यक्षिकाला डॉ. जुलेखा बागवान यांनी प्रत्येकाच्या हातावर एकेक शंख ठेवला आणि "ओळखा" एवढेच म्हणाल्या. मी सगळ्यांच्या आधी हात वर केला.

"गोगलगाय आहे जी, बाई!"

"गोगलगाय केव्हाच गेली," बाई म्हणाल्या. "हे तिचं घर आहे. आपण घर ओळखा."

वर्ग हसला. बाई हसल्या नाहीत. त्या माझ्या टेबलापाशी आल्या आणि मी उलटा धरलेला शंख त्यांनी माझ्याच हातात सरळ केला. "टोक वर, तोंड आपल्याकडे. घर दारात उभं राहून बघायचं. गच्चीवरून नाही."

त्या दिवशी जे शिकले त्यावर आजवर माझे पोट चालले आहे. शंख असा धरला की त्याचे तोंड उजव्या हाताला येते की डाव्या, ते आधी पाहायचे. आपल्याकडच्या बहुतेक सगळ्या गोगलगायी उजव्या. मग वेढे किती घट्ट आहेत, तळाशी बेंबीसारखी खळी आहे की ती झाकली गेली आहे, पाठ दाणेदार आहे की गुळगुळीत, हे पाहायचे. शेवटी तोंडाची कड, जिला आम्ही ओठ म्हणतो. बऱ्याच जातींत गोगलगाय पूर्ण वाढली की ही कड जाड होते. वाढत्या वयात ती कागदासारखी पातळ असते. बाई हे सगळे अंगठ्याने पाहतात. शंखावरून अंगठा फिरतो, नजर खिडकीबाहेर असते, आणि आपण मात्र श्वास धरून उभे असतो.

बाईंचे घर कसबा पेठेत आणि घरच्यांचा भाजीचा गाळा मार्केट यार्डात. लहानपणी फ्लॉवरच्या गड्ड्यांतून निघालेल्या गोगलगायी त्यांनी डब्यात पाळल्या, तिथपासून हा नाद. आम्हा विद्यार्थ्यांना त्या सकाळीच गाळ्यावर घेऊन जात आणि टाकून दिलेल्या पाल्याच्या ढिगात उतरवत. त्यांचे धाकटे भाऊ युसुफभाई हमालांना सांगत, "आमची आपा लोकांच्या भाजीत किडे शोधते आणि कॉलेज तिला वर पगार देतं." एकदा एक नर्सरीवाले पोतेभर गोगलगायी घेऊन आले आणि कोणते औषध मारू म्हणून विचारू लागले. बाईंनी पोते जमिनीवर ओतले, लांबट टोकाच्या मोठ्या आफ्रिकन गोगलगायी एका बाजूला सारल्या आणि उरलेल्या चिमुकल्यांकडे बोट दाखवून म्हणाल्या, "पीक या मोठ्यांनी खाल्लं. या बिचाऱ्या कुजलेली पानं खातात. यांना जिथून आणलंत तिथे सोडून या, आणि जाताना माफी मागा." नर्सरीवाल्यांनी माफी मागितली की नाही ते माहीत नाही, सोडून मात्र आले.

मी दुसऱ्या वर्षाला असताना गावी माझी आई आजारी पडली. तिचे औषध आमच्या भागात मिळेना आणि माझी परीक्षा तोंडावर आलेली. मी बाईंकडे रडले, आणि बाईंनी माझी समजूत वगैरे अजिबात घातली नाही. त्यांनी युसुफभाईंना फोन लावला. आमच्या भागातून संत्री घेऊन आलेला ट्रक त्या दुपारी मार्केट यार्डातून रिकामा परत जाणार होता. त्याच्या ड्रायव्हरच्या हातात औषधांची पिशवी गेली आणि दुसऱ्या दिवशी आईच्या उशाशी पोचली. पुढे कितीतरी महिने संत्र्यांचे ट्रक आईचे औषध नेत राहिले. आई अजून आहे. मला "तुझी ट्रकवाली बाई कशी आहे?" असे विचारते.

आता मूळ गोष्टीकडे येते. बाईंच्या कपाटात एक काडेपेटी आहे, तिच्यात कापसावर एक शंख. उमेदीच्या काळात तो त्यांना शहराच्या कडेच्या एका टेकडीवर सापडला. ऊनपावसाने पांढराफटक पडलेला, ओठ चांगला जाड, आणि तोंड डावीकडे! या टेकड्यांवर डाव्या वळणाची गोगलगाय कोणी जिवंत पाहिली नव्हती. तेव्हापासून दर पावसाळ्यात बाई ती टेकडी धुंडाळत आल्या. सहकारी म्हणायचे, शंख मिळालाय ना, मग ती इथे राहते असे छापून टाका. बाईंचे उत्तर ठरलेले असे: "रिकामा शंख ही निधनवार्ता झाली. मला राहता पत्ता हवाय."

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि टेकडी सुटली. हा शोध आता राहूनच गेला, असे आम्ही सगळे धरून चाललो होतो. बाईंसमोर तो विषयच काढत नव्हतो. घरी गेले की काडेपेटी टेबलावर असायची आणि मी दुसरीकडे पाहायची.

गेल्या महिन्यात या ग्रंथाच्या मुखपृष्ठाचा नमुना घेऊन मी बाईंकडे गेले. त्यावरचा फोटो बाईंच्या भावाचे चिरंजीव इम्रान यांनी दिला होता. ते सॉफ्टवेअरमध्ये आहेत आणि सकाळी टेकडीवर फिरायला जातात. गोकर्णाच्या वेलीवर बसलेली गोगलगाय, मागे कोवळे ऊन. शंखाचे तोंड उजवीकडे.

बाईंनी चष्मा लावला. "नेहमीचीच दिसते. पण बसलीये ऐटीत." मग त्या चित्रावर वाकल्या. नमुना हातात घेऊन उठल्या आणि गॅलरीत गेल्या. तिथे कुंडीतला गोकर्ण सुतळीवर चढला आहे. बाई एकदा सुतळीकडे, एकदा चित्राकडे पाहू लागल्या.

"गोकर्ण वळसे घेत चढतो तो कायम एकाच बाजूने," त्या म्हणाल्या. "हा बघा. आणि चित्रातला बघा. चित्रातला उलटा चढतोय."

"मग?" मी म्हणाले.

"मग म्हणजे काय? चित्र आरशात पाहिल्यासारखं उलटं छापलंय. वेल उलटी झाली, तर तिच्यावर बसलेली…" एवढे बोलून बाई कुंडीशेजारच्या स्टुलावर बसल्या. वेल उलटी झाली असेल तर गोगलगायही उलटी झाली होती. चित्रात तोंड उजवीकडे, म्हणजे टेकडीवर ते डावीकडे!

मी मुखपृष्ठ करणाऱ्या चैतन्यला फोन लावला. तो म्हणाला, "हो मॅडम, मी फ्लिप केलीये. ती पुस्तकातून बाहेर निघाल्यासारखी वाटत होती, म्हणून नावाकडे तोंड केलं. गोगलगायच आहे ना, काय फरक पडतो?"

बाईंनी फोन माझ्या हातातून घेतला. "आपलं काळीज उजवीकडे बसवलं तर आपल्याला जेवढा फरक पडेल ना, तेवढाच."

मूळ फोटोसाठी इम्रानना फोन केला. "फुफी, मी फक्त फोटो काढला, लाईट मस्त होता," असे म्हणत त्यांनी तो लगेच पाठवला. गोकर्ण सुलटा, तोंड डावीकडे. मी किंचाळले. बाई मात्र म्हणाल्या, "एवढ्यावर भाळू नका. उजव्या जातीतही क्वचित एखादी डावखुरी निघते. बाकीचं बघायला हवं, आणि तेही हातात घेऊन."

"बाई, पण गुडघे?"

"गुडघ्यांना मी विचारलेलं नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी एका बाजूला इम्रान, दुसऱ्या बाजूला मी, आणि मध्ये काठी टेकत बाई. दर वळणावर थांबत, टेकडीला आणि आम्हाला बोल लावत त्या चढल्या. गोकर्णाच्या जाळीपाशी एका दगडावर बसल्या आणि हुकूम सोडू लागल्या. "वेलीवर नका शोधू, ऊन आलं की ती खाली उतरते. पाचोळा उचला. आणि उचललात तसाच परत ठेवा." बराच वेळ नुसते पाचोळा उचलणे आणि ठेवणे चालले. मग एका ओल्या पानाखाली ती दिसली. मी एवढ्या मोठ्याने ओरडले की फिरायला आलेली माणसे साप निघाला समजून पळत आली.

बाईंनी तळहात पुढे केला. गोगलगाय आत ओढली गेली, मग हळूच शिंगे काढून चालू लागली. बाईंनी पर्समधून काडेपेटी काढली आणि दोन्ही शंख शेजारी धरले. पाठ दाणेदार, तळ गुळगुळीत, बेंबी तितकीच अरुंद, आणि जुन्या शंखावर जेमतेम उरलेला तपकिरी पट्टा इथे लख्ख. तीच होती! शेवटी बाईंनी नखाने अलगद ओठ चाचपला आणि अंगठा तिथेच थांबला.

"पातळ आहे," त्या म्हणाल्या. "अजून वाढतेय. अहो, हे पिल्लू आहे!"

सगळा अर्थ त्या एका शब्दात होता. एखादी म्हातारी गोगलगाय शेवटची उरली असती, तरी आम्ही आनंदानेच परतलो असतो. पण पिल्लू आहे, म्हणजे त्याला जन्म देणारे आहेत, भावंडे आहेत, आणि पुढच्या वर्षीही असतील. बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. हे लिहू नये असे त्यांनी मला बजावले आहे, पण मी लिहिणारच. त्यांनी स्वतः वाकून पिल्लू जागेवर ठेवले आणि वर पान झाकले. टेकडीचे नाव छापायला मात्र त्यांनी सक्त मनाई केली आहे. जन्मभर शोधलेला पत्ता हाती आला, तर त्या तो कोणाला सांगायला तयार नाहीत.

आता हा ग्रंथ मिटून मुखपृष्ठ पुन्हा पाहावे. गोगलगाय पुस्तकातून बाहेर चालली आहे असे वाटेल. चैतन्यला ते अजून खटकते, पण ती तशीच बरोबर आहे.

समारंभात काय द्यावे, असे समितीने विचारले तेव्हा बाई म्हणाल्या, "शाल नको. खाली लोखंडी टोक असलेली काठी द्या. पुढच्या पावसाळ्यात मला त्या पिल्लाची थोरली मंडळी बघायची आहेत." बाई, काठी आणली आहे. आपणास उदंड आयुष्य लाभो आणि गुडघ्यांना सुबुद्धी होवो. पंच्याहत्तरीतही आपला ओठ कागदासारखा पातळच आहे, तो तसाच राहू द्या. पाचोळा उचलायला आम्ही आहोत, आणि उचलला तसाच परत ठेवू.