कपिला विकायची आहे

माणूस घर विकतो तेव्हा किस्से होत नाहीत, कागद होतात. स्कूटर विकली तर एखाददुसरा किस्सा होतो. पण नागपुरात, जिथून कुठल्याही बाजूला निघालात तरी आगगाडीत रात्र काढल्याशिवाय समुद्र दिसत नाही, तिथं कोणी शिडाची होडी विकायला काढली तर? आम्ही सदर भागातल्या टपरीवर सकाळी चहाला जमणारी म्हातारी मंडळी. गेलं वर्षभर आमच्याकडे दुसरा विषयच नव्हता. त्यातले काही किस्से सांगतो. हसू आलं तर हसा, आम्हीही हसलो. पण होडीवाला आमचा मित्र आहे, एवढं लक्षात ठेवा.

*

मित्र म्हणजे मनोहर. आमच्यासाठी मन्या. सावनेरकडच्या शेतकऱ्याचा मुलगा, शिकून कन्हानकडच्या कोळसा खाणीत इंजिनियर झाला. रिटायर झाला त्या संध्याकाळी आम्ही विचारलं, आता पुढं काय? तर म्हणाला, "जिंदगीभर जमिनीखाली राह्यलो. आता डोक्यावर आभाळ पाह्यजे अन् तोंडावर वारा."

आम्हाला वाटलं, गच्चीवर झोपाळा टांगेल. हा बहाद्दर गोव्याला गेला आणि एका म्हाताऱ्या जोडप्याकडून जुनी शिडाची होडी घेऊन आला! आत दोन माणसं झोपतील अशी केबिन, एक शेगडी, वर उंच डोलकाठी. ट्रेलरवर बसून ती निघाली, तर वाटेत गावोगावचे लोक हात जोडत. एवढं मोठं काही चाललंय म्हणजे कुठल्यातरी देवाचंच असणार, हा आपल्याकडे सरळ हिशेब. एका ठिकाणी तर बायांनी हळदकुंकू वाहिलं. शालूवहिनी, म्हणजे मन्याची बायको, ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी बसली होती. तिनं खाली उतरून स्वतःही हळदकुंकू वाहिलं. म्हणाली, घरी येऊनच राहिली आहे तर कुंकवाशिवाय कशी न्यायची.

रामटेककडच्या एका तलावात होडी उतरवली. नाव ठेवलं कपिला. मन्याच्या लहानपणी त्याच्या बाबांच्या गोठ्यात एक गाय होती, तिचं हे नाव.

पहिल्या दिवशी मन्या टोपीबिपी घालून ऐटीत मागं सुकाणूजवळ बसायला गेला. वहिनी आधीच तिथं बसलेली.

"सुकाणू माझ्याजवळ राहीन," ती म्हणाली. "तुम्ही दोऱ्या ओढा."

पुढं वर्षानुवर्षं तसंच चाललं. मुलगी, जावई, नातू, आम्ही, सगळे त्या होडीत बसलो. वहिनीची मागची जागा मात्र कोणी घेतली नाही.

*

मग वहिनी गेली. साध्या तापाचं निमित्त झालं आणि आठवडाभरात आटोपलं. मन्यानं त्यानंतर शीड उघडलं नाही. मुलगी रेवा पुण्याला असते, ती म्हणे बाबा आता इकडे या. मन्या हो म्हणाला, पण आधी होडी मार्गी लागू दे म्हणाला. आणि ती द्यायची ती पाण्यात ठेवणाऱ्यालाच, घरच्या माणसांना घेऊन फिरणाऱ्यालाच. दुसऱ्या कोणाला नाही.

इकडे तलावावरच्या लोकांनी सांगून टाकलं होतं, उन्हाळ्यात पाणी खाली जायच्या आत होडी हलवा. नाही हलवली तर भंगारात जाईल. भंगारवाला येऊन डोलकाठीवर टकटक करून पाहूनसुद्धा गेला होता.

म्हणून मोबाईलवर जाहिरात टाकली. पहिला फोन आला तेव्हा आम्ही टपरीवरच होतो. मन्यानं स्पीकर लावला.

"एव्हरेज काय देते?" पलीकडून पहिला प्रश्न.

"हवेवर चालते."

"अन् हवा नसली तर?"

"तर चहा कराचा."

त्यानं फोनच ठेवला! आम्ही पोट धरून हसलो. मन्या हसला नाही. त्यानं खरं तेच सांगितलं होतं. तलावाच्या मध्ये वारा पडला की वहिनी शेगडी पेटवायची.

*

गांधीबागेतले एक कापडाचे शेठ आले. पांढरे कपडे, पायात मोजे. होडीकडे त्यांनी पाहिलंही नाही, म्हणाले शीड उघडा. वहिनी गेल्यानंतर ते शीड पहिल्यांदाच उघडत होतं. मन्यानं गाठी सोडल्या, आम्ही दोघं शीड धरू लागलो. शेठनी कापड चिमटीत धरून चोळलं, उन्हात धरून पाहिलं, नाकाशी नेलं.

म्हणाले, माल कडक आहे, पन्हाही रुंद आहे. दुकानापुढं उन्हाळ्यात बांधायला असंच पाहिजे होतं. हे देऊन टाका, बाकीचं तुम्ही ठेवा.

मन्या शिडाची घडी घालायला लागला. आमच्यात देविदास नावाचा एक आहे, पोस्टातून रिटायर झालेला. त्याला राहवलं नाही.

"शेठ, गाय सोडून कातडं मागून राह्यले तुम्ही."

शेठला काही राग आला नाही. धंद्यात कामाचं असते तेवढंच घेतात भाऊ, असं म्हणून ते सगळ्यांना नमस्कार करून गेले.

*

त्यानंतर वर्धा रोडवरचा एक लग्नाच्या लॉनवाला आला. तरुण पोरगा, बोलायला गोड. मन्यानं सांगितलेल्या किमतीपेक्षा जास्त द्यायला तयार! नवरा-नवरीची एन्ट्री होडीतून करायची, खाली चाकं, बाजूला धूर. मन्यानं एवढंच विचारलं, पाण्यात कधी टाकाल?

"अंकल, फव्वारा लावू ना चारी बाजूनं!"

मन्यानं त्याला चहा पाजला आणि परत पाठवला.

त्या दिवशी मी भडकलो. मी तसाही लवकर भडकतो, घरचे सांगतील तुम्हाला. म्हटलं, अरे, लग्नातच उभी राहणार होती ना, मंगलकार्यात? भंगारात तुकडे झालेले बरे का? मन्या म्हणाला, "भंगारवाला कापून मोकळी करते. हा तिले बाहुली बनवून उभी करीन." चहाचे पैसे देऊन मी घरी निघून आलो.

*

मग एक डॉक्टर कुटुंब आलं. बायको, मुलं, सगळे हौशी. आधी एक चक्कर मारू म्हणाले. आम्हाला वाटलं, जमलं आता. होडी सुटली, मन्यानं दोऱ्या हातात घेतल्या आणि मला म्हणाला, तू सुकाणू धर. मी जिंदगीत सायकलशिवाय काही वळवलेलं नाही! मला वाटलं गंमत करतो आहे. तो मात्र दोऱ्या धरून पुढंच पाहत बसला.

व्हायचं तेच झालं. मी सुकाणू डावीकडं ढकललं तर होडी उजवीकडं. घाबरून आणखी ढकललं आणि कपिला सरळ काठच्या बेशरमाच्या झुडपात घुसली. डॉक्टरांची बायको रडकुंडीला आली. मुलं खूश. डॉक्टर चिखलातून बूट काढत फार सभ्यपणे म्हणाले, "आम्ही कळवतो."

सगळे गेल्यावर मी त्याच्यावर ओरडलो, "तुले विकाची हाय का नाही? एवढी वर्षं होडीत बसला, स्वतः काहून नाही धरत सुकाणू?"

मन्यानं होडीत पडलेली झुडपाची पानं वेचून पाण्यात टाकली. मग म्हणाला, "त्या जागेवर मी बसलो तर ती उठून गेल्यासारखं होईन गा."

मी त्याच्याजवळ बसून राहिलो. माझे डोळे भरून आले होते, ते त्यानं पाहिलं नाही हे बरं झालं.

*

आता शेवटचं सांगतो. पाणी खाली जायला लागलं होतं. काठाजवळ होडीचं बूड चिखलाला टेकायला आलं, तेव्हा काटोलकडून एक जोडपं आलं. प्रवीण आणि वैशाली. त्याची संत्र्याची बाग, ती शाळेत शिकवते. कॉलेजात असताना ती एनसीसीच्या नेव्हल विंगमध्ये होती, शीड हाकायला तिथंच शिकली. त्यांच्या बागेजवळ धरणाचं पाणी आहे आणि तिथं होडी ठेवायची परवानगीही त्यांनी आधीच काढून ठेवली होती. त्या दिवशी वारा नव्हता, म्हणून नुसती पाहून घेतली. कपिला हे नाव कुठल्या गाईचं, तेही प्रवीणनं मन्याला विचारून घेतलं. त्यांच्या दोन मुली केबिनमधून बाहेर निघेनात. धाकटीनं मन्याला विचारलं, हिला रात्री पाण्यात थंडी वाजत असेल ना?

मन्या तिच्या आईला म्हणाला, "घेऊन जा."

न्यायच्या दिवशी आम्ही सकाळीच पोचलो. ट्रेलर पलीकडच्या काठाला उतारावर उभा होता, तिथपर्यंत शिडानंच जायचं होतं. पाहतो तर काय, काठावर दोरांचा ढीग! शिडाचे, डोलकाठीचे, सगळे दोर मन्यानं काढून ठेवले होते. होडी खुंट्याला बांधायचा दोरसुद्धा! आणि होडी वाऱ्यानं सरकून जाऊ नये म्हणून स्वतः गुडघाभर पाण्यात तिला दोन्ही हातांनी धरून उभा.

"हे काय बे करून राहिला?" देविदास म्हणाला.

"बाबानं कपिला विकली तेव्हा गळ्यातलं दावं दिलं नव्हतं," मन्या म्हणाला. "गाय द्याची, दावं नाही द्याचं. दिलं तर गोठा रिकामा होते."

आम्ही कपाळावर हात मारला. अरे, गाय दाव्याशिवाय चालते, शीड दोराशिवाय म्हणजे वाळत घातलेली चादर! ते लोक आता काय म्हणतील? मी त्याला समजावलं, मग रागावलो, मग हात जोडले. तो हलला नाही. इंजिनियर माणूस! इतक्यात प्रवीणची जीप आलीच.

मी सांगायला पुढं झालो. प्रवीणनं एकदा काठावरच्या ढिगाकडे पाहिलं, एकदा पाण्यात उभ्या मन्याकडे पाहिलं. मग जीपची मागची फळी पाडली आणि नव्या पांढऱ्या दोराची भेंडोळी एकेक करून खाली उतरवली. काठावरच्या ढिगाला त्यानं पायसुद्धा लागू दिला नाही.

"काका, दावं आम्ही आमचं आणलं," तो म्हणाला.

दोघा नवरा-बायकोनं मिळून नवे दोर ओवले. ऊन चढलं, तरी मन्या तसाच पाण्यात उभा. शीड वर गेलं, वाऱ्यानं फुगलं, होडी त्याच्या हातात ओढ घ्यायला लागली.

"काका, सोडा आता," प्रवीण म्हणाला.

मन्यानं सोडली नाही. पुन्हा म्हणाला, तरी सोडली नाही.

वैशालीनं मुलींना केबिनच्या दारात बसवलं, मागं सुकाणूजवळ जाऊन बसली आणि नवऱ्याला म्हणाली, "मी आहे इकडे. तू दोऱ्या ओढ."

तेव्हा मन्यानं हात सोडले.