कुलूपबंद पडद्यावरची पट्टी

मी जळले, हे आधीच सांगून टाकते. उगाच सोज्वळपणाचा आव नको.

ग्लासगोच्या एका युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर सपोर्टला आम्ही दोघी मराठी मुली कॉन्ट्रॅक्टवर होतो आणि पर्मनंट जागा होती एकच. दुसरी नाशिकची, माझ्या मागून आलेली. तिला फ्लॅट शोधून दिला मी, थंडीचा कोट कुठला घ्यायचा ते सांगितलं मी, आणि बॉस कौतुक करणार तिचं!

चिनी विद्यार्थ्यांसाठी लॅबमधल्या मशीन्सवर चिनी टाइप करायचं सॉफ्टवेअर टाकलं, तेही मीच; बॉसने येऊन फक्त पासवर्ड टाकला. त्याची एक छोटी पट्टी लॉगिनच्या पडद्यावरही दिसायची. पासवर्ड न टाकता, त्या पट्टीतल्या हेल्पच्या बटणावरून वाट काढत थेट अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे सगळे अधिकार मिळायचे. कोणालाही!

मला हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण आमच्याकडे अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचा पासवर्ड एकट्या बॉसकडे. साधा प्रिंटर जोडायचा तरी त्याने जिने उतरून यायचं आणि आपण ताटकळायचं. म्हटलं, बरं झालं, आपली सोय झाली. महिनाभर मी त्या पट्टीतूनच कामं उरकली. "तुझं कसं गं इतकं झटपट होतं?" असं ती विचारायची, तेव्हा मी नुसती हसायचे.

मग एका सोमवारी ती पट्टी तिच्या लक्षात आली. बाईसाहेबांनी सरळ जाऊन बॉसला दाखवली. दुपारपर्यंत सगळ्या लॅब बंद, तातडीची मीटिंग, आणि बॉसचं आपलं "ब्रिलियंट, ब्रिलियंट" चाललेलं. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. अरे, हे मला कधीचं माहीत होतं! शब्द अगदी ओठांवर आले होते.

तेवढ्यात बॉसने विचारलं, "याआधी कोणाच्या लक्षात आलं होतं का हे?" हो म्हणावं, तर पुढचा प्रश्न ठरलेला. मी मूग गिळून बसले.

जागा तिला मिळाली. पेढे कुठले मिळायला, ती शॉर्टब्रेडचा डबा घेऊन आली आणि पहिला तुकडा माझ्या हातावर ठेवला.

"बॉस सुट्टीवर होता ना, तेव्हा तू तीन प्रिंटर जोडलेस," ती हळूच म्हणाली. "पट्टी सापडली तेव्हाच मला कळलं कसे ते. मी कोणाला बोलले नाही हं."

त्या जागेचा हेवा मी नंतर विसरले. हे तिचं गप्प राहणं मात्र आजही सलतं.