दामूकाकांच्या पायांखालची लूम

नारपोलीच्या लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या, कारखान्यात तीस वर्षं काढलेल्या दामूकाकांशी बोलायचं म्हणजे अख्ख्या आळीला ऐकवायचं. खडखडाटाने त्यांचे कान गेले, आणि कान गेले म्हणून शेठने शिफ्टवरून काढलं. तेव्हापासून घरच्यांची धडगत नव्हती. काका मिक्सरवर हात ठेवून त्यातली खोट काढायचे, आणि ती खरीही निघायची.

राहनाळला एका गोडाऊनच्या माळ्यावर रंजिता नावाच्या इंजिनीअरबाई नवी लूम बनवत होत्या. लोखंडात घडवण्याआधी ती लूम एका चष्म्यात दिसायची आणि खास हातमोज्यांतून हाताला लागायची. दांडा ओढला तर चक्क जड वाटायचा. ती पारखायला त्यांना जुना कारागीर हवा होता. तिथे कामाला असलेल्या पुतण्याने, देवेशने, काकांना नेलं. काकांना ही नोकरी हवीच होती. घरी बसून माणूस कुजत चालला होता.

परीक्षा साधी. आडवा धागा नेणारा धोटा अडखळला की दांडा ओढून लूम थांबवायची. काका पाचही वेळा चुकले. अडखळल्याचा हिसका हातमोज्याला बसेपर्यंत चष्म्यातले धागे तुटलेले असायचे. रंजिताबाईंनी हळूच काकांचं वय विचारलं, तेव्हा देवेशचं तोंड एवढंसं झालं.

काकांनी चष्मा काढला, वाकून फरशीवर तळहात ठेवला आणि वैतागले.

“लूम चालतेय न जमीन मेलेली. धोटा बिघडाला लागला का आधी पायाला कलतं, मंग हाताला. मी काय कानानं लूम चालवत व्हतो?”

खरंच की. कारखान्यात काका आपल्या लूमपुढे अनवाणीच उभे राहायचे. पण यात सांगण्यासारखं काही आहे असं कुणाला वाटलंच नव्हतं. बाई हट्टी. त्यांनी देवेशला काकांच्याच जुन्या कारखान्यात पाठवलं. त्याने जी पहिली समोर आली त्या लूमखालचा हादरा यंत्रात टिपून आणला, आणि तो हुबेहूब देणारी फळी काकांच्या पायांखाली आली.

या खेपेला काकांनी पाचही वेळा हिसक्याआधी दांडा ओढला. सोमवारपासून या, असं बाई म्हणाल्या. देवेशने ते कानात ओरडून पोचवलं. काका हलेनात. चष्म्याखालून पाणी गालावर ओघळलं होतं. देवेश घाबरला आणि फळी बंद करायला धावला.

काकांनी त्याला हाताने अडवलं. “ही तर माजी सात नंबर हाय रं. चालू दे जरा.”