सास्तूरहून दुबई: अब्बांना चोवीस तासांची शर्यत दाखवली

राहते सास्तूरला, आणि लोहाऱ्यात माझं ऑनलाइन कामांचं दुकान आहे. पीक विमा, दाखले, रेल्वेची तिकिटं, हजला जाणाऱ्यांचे पासपोर्ट, सगळं माझ्या हातून जातं. अर्ध्या तालुक्याला मी विमानात बसवलंय, पण स्वतः विमानतळाच्या दारापर्यंतसुद्धा कधी गेले नव्हते. "पहिल्यांदा परदेशी जायचं, जमेल का?" असं विचारणाऱ्यांना म्हणून आधीच सांगते, जमतं. मी जमवलं, तेही सत्तरीच्या वडिलांना घेऊन. आणि आम्ही गेलो ते उंच इमारती बघायला नव्हे, मोटारींची चोवीस तास चालणारी शर्यत बघायला.

हे खूळ मूळचं माझं. दुकानात गिऱ्हाईक नसलं की मी मोबाइलवर लांब पल्ल्याच्या शर्यती बघते. एका सुट्टीच्या दिवशी अब्बा शेजारी येऊन बसले.

"किती वेळ चालणार हे?"

"चोवीस तास."

"एकटाच चालवतो?"

"नाही अब्बा, तिघं-चौघं असतात. पाळीपाळीनं."

अब्बांनी चहाचा कप खाली ठेवला. मग म्हणाले, "आमी दोघंच होतो."

ते दोघं म्हणजे अब्बा आणि त्यांचे धाकटे भाऊ, माझे रशीदचाचा. त्र्याण्णवच्या भूकंपानंतर घर उभं राहिलं ते त्यांच्या एका ट्रकवर. शहाबादी फरशी भरायची, पुण्याला उतरवायची, एक चालवणार, एक मागच्या फळीवर झोपणार. दोघांचा एक नियम होता. सीट सोडताना गाडीची तब्येत सांगूनच सोडायची, मग कितीही झोप येवो. टायर कुठला उतरतोय, ब्रेक कसा धरतोय, काय आवाज येतोय, हे सांगितल्याशिवाय खाली उतरायचं नाही. वीस-बावीस वर्षांपूर्वी एका सकाळी चाचांनी भरलेला ट्रक नळदुर्गजवळच्या धाब्यावर लावला, चावी धाबेवाल्याकडं दिली आणि मुंबई गाठून ते शारजाला निघून गेले. त्या खेपेला अब्बा घरी आले होते आणि गाडी धाब्यावरून पुढं तेच नेणार होते. ठरल्याप्रमाणं ते पोचले, तेव्हा ट्रक होता, भाऊ नव्हता. तिकडची नोकरी धरली याचा राग अब्बांना कधीच नव्हता. "सांगून गेला न्हाय," एवढंच ते म्हणायचे. तेव्हापासून चाचा रजेवर आले की सासुरवाडीला, तेरला उतरतात. लग्नाबिग्नात दोघं भेटले तर सलाम होतो, त्यापुढं शब्द नाही.

दर वर्षी हिवाळ्यात दुबईला चोवीस तासांची शर्यत होते, हे मला माहीत होतं. चाचा तिथून तासाभराच्या अंतरावर राहतात, हेही. सरळच सांगते, शर्यत मला बघायची होतीच, पण हे दोघं एकदा बोलावेत म्हणून जीव जास्त तळमळत होता. अम्मी म्हणाली, "दोन दगडं एकमेकांशेजारी ठेवली म्हणून बोलायला लागत न्हायत." मी म्हटलं, ठेवून तर बघू.

आता कामाचं. पासपोर्टसाठी सोलापूरच्या दोन खेपा झाल्या. पासपोर्टवर नाव आणि आडनाव दोन्ही हवं. नुसतं एकच नाव असेल तर तिथला व्हिसा अडतो, आणि आपल्याकडं म्हाताऱ्या माणसांच्या कागदांवर एकच नाव असणं नवीन नाही. ते आधी दुरुस्त करून घ्या. हॉटेल आणि तिकिटं लवकर केलीत तर दोघांचा सगळा खर्च एका नव्या मोटारसायकलच्या किमतीत बसतो. शर्यतीचा प्रवेश महाग नाही, पण नियम दर वर्षी बदलतात, स्वतः बघून घ्या. कानात घालायचे बोळे न्या, नाहीतर घरी आल्यावरही कानात इंजिनं घोंघावतात. आणि स्वेटर! वाळवंट म्हणून मी नुसती ओढणी घेऊन गेले आणि संध्याकाळी कुडकुडत बसले.

सगळ्यात मोठी सूचना मसाल्याची. आपल्याकडं कुणी आखाताला निघालं की गल्लीतला जो तो आपल्या माणसासाठी पिशवी घेऊन हजर होतो. नाही म्हणायची पद्धत नाही. पण तिकडं खसखशीला बंदी आहे, आणि आपल्या काळ्या मसाल्यात खसखस हमखास असते. मी दारातच उभी राहून प्रत्येक पिशवी उघडायला लावली. शेजारच्या खाला तर रुसल्याच, "माझ्या पोराला घरचा मसाला बी न्हाय का?" म्हणून. शेंगाची चटणी आणि कडक भाकरी घेतल्या, मसाला अम्मीकडं ठेवला. खालांचा रुसवा अजून निघालेला नाही.

उमरग्याहून हैदराबादची बस. हुमनाबाद, जहिराबाद, सगळा अब्बांच्या पायाखालचा रस्ता. कुठला धाबा बंद पडला, कुठं पूल झाला, सगळं ते मला सांगत होते. मी मध्येच म्हटलं, "विमानतळावर चाचा घ्यायला येणार आहेत."

"टॅक्सी न्हाय का तिथं?"

"आहे. पण चाचा येणार आहेत."

त्यावर अब्बा खिडकीतून बाहेर बघायला लागले. विमानात मात्र ते माझ्यापेक्षा निवांत होते. उतरताना मी डोळे मिटून कलमा म्हणत होते आणि अब्बा शेजाऱ्याला सांगत होते, "ब्रेक चांगला लावला ह्यानं."

चाचा बाहेर उभे होते. वर्षानुवर्षं शाळेची बस चालवून खांदे थोडे वाकलेले, दाढी पूर्ण पांढरी. सलाम झाला. सामान चाचांनी उचललं, एक बॅग अब्बांनी हातातून सोडली नाही. मित्राची मागून आणलेली गाडी होती. अब्बा पुढं बसले, मी मागं. आठ पदरी रस्ता, दोन्ही बाजूंना दिव्यांची रोषणाई, आणि आत मशिदीतल्यासारखी शांतता. बऱ्याच वेळानं अब्बा रस्त्याकडंच बघत म्हणाले, "गिअर टाकत न्हाईस तू."

"हिला गिअर आपोआप पडतो, भाई."

"मग तू काय करतो?"

मला हसू फुटलं. चाचाही हसले. अब्बा नाही हसले, पण पुन्हा बाहेर बघायला लागताना त्यांचा चेहरा मला आरशात दिसला, तेवढा कडक नव्हता. चाचा चौघांबरोबर एका खोलीत राहतात, तिथं मला उतरता येणार नव्हतं. म्हणून दुबईच्या देरा भागात एक साधं हॉटेल घेतलं होतं. बाप-लेकीला पुरेसं, स्वच्छ, खाली केरळी माणसाचा चहा. शनिवार-रविवार शाळेला सुट्टी, त्यामुळं दोन्ही दिवस चाचा आमच्याबरोबर राहणार होते.

ट्रॅक शहराच्या कडेला आहे. मेट्रो तिथपर्यंत जात नाही, टॅक्सी करावी लागते. शर्यत सुरू व्हायच्या आधी प्रेक्षकांना ट्रॅकवर उभ्या गाड्यांमधून फिरू देतात, ते अजिबात चुकवू नका. मी वेड्यासारखे फोटो काढत सुटले. अब्बा मात्र प्रत्येक गाडीपाशी वाकून टायर बघत होते. एका टीमच्या माणसानं त्यांना हात लावायची खूण केली, तर अब्बांनी बैलाच्या पाठीवर ठेवावा तसा तळहात टायरवर ठेवला.

दुपारी शर्यत सुरू झाली. आवाज आधी छातीत जाणवतो, मग कानात. वेगवान गाड्या आणि हळू गाड्या एकाच वेळी एकाच रस्त्यावर पळतात, त्यामुळं ओव्हरटेक अखंड चालू. आणखी एक गंमत म्हणजे पेट्रोल भरायला सगळ्यांना एकाच ठिकाणी यावं लागतं. लाखमोलाच्या गाड्या पंपावर रांगेत उभ्या! अब्बांना ते फार आवडलं. "उमरग्यासारखंच हाय की," म्हणाले. खाण्याचे ठेले महाग आहेत. चाचांनी थर्मासमध्ये चहा आणला होता, आमच्याकडं भाकरी आणि चटणी होती. तिघांनी ती एकाच कागदावर खाल्ली. पण बोलणं सगळं माझ्यामार्फत. "चाचांना विचार, पाणी हाय का." "अब्बांना म्हण, ऊन लागत असंल तर सावलीत बसा." दोघांच्या मध्ये मी बसलेली, दोघांनाही ऐकायला येतं, तरी निरोप माझ्याकडं. मला एकदा वाटलं, ओरडावं. अम्मी खरं म्हणत होती, असंही वाटलं आणि रडू आलं. पहिला दिवस तसाच गेला. अंधार पडल्यावर मी अब्बांना हॉटेलवर नेलं, गाड्या पळतच राहिल्या.

दुसऱ्या दिवशी अब्बा फजरच्या नमाजनंतर कपडे घालून तयार. "चल, त्या पोरांनी रात्रभर चालवली असंल." सकाळच्या कोवळ्या उन्हात आम्ही पिटच्या, म्हणजे गाड्या थांबून टायर आणि ड्रायव्हर बदलतात त्या जागेच्या, समोरच्या पायऱ्यांवर जागा धरली. रात्रभर पळालेल्या गाड्यांची रया गेली होती. चिखलाच्या नव्हे, रबराच्या काळ्या थरानं माखलेल्या, एकीचा बंपर चिकटपट्टीनं बांधलेला. यावेळी मी मुद्दाम कडेला बसले, दोघांच्या मध्ये नाही.

एक निळी गाडी पिटमध्ये आली. दार उघडून ड्रायव्हर बाहेर आला, क्षणभर दाराला धरून उभा राहिला. दुसरा आत शिरला. मग बाहेर आलेला तसाच अर्धा आत वाकला, नव्याचे पट्टे आवळू लागला आणि त्याच्या हेल्मेटला हेल्मेट लावून काहीतरी सांगत राहिला. मागं माणसं टायर बदलत होती, तो सांगतच होता. मग छतावर थाप मारून बाजूला झाला. गाडी सुटली.

"बघ," अब्बा म्हणाले. "सांगून उतरला."

ते माझ्याशी बोलले की चाचांशी, कळलं नाही. चाचा हातातल्या थर्मासचं झाकण फिरवत होते. आणखी दोन-तीन गाड्या समोरून गेल्या.

"भाई."

"हं."

"मागच्या डाव्या बाजूचा आतला टायर उतरत होता. ब्रेक दाबला की गाडी उजवीकडं ओढत होती. क्लच लई खाली बसत होता."

मला वाटलं, समोरच्या निळ्या गाडीबद्दल चाललंय. मग अब्बांचा चेहरा बघितला आणि कळलं. चाचा नळदुर्गच्या धाब्यावर सोडलेल्या ट्रकबद्दल बोलत होते. तो ट्रक भंगारात जाऊनही आता किती वर्षं झाली.

"क्लचचं कळलं मला," अब्बा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीचाच होता. "ब्रेकचं न्हाय कळलं. उतारावर कळलं."

"मग?"

"मग काय. शेतात घातली. फरशी फुटली निम्मी. मी वाचलो."

हे घरात कुणालाच माहीत नव्हतं. अम्मीलाही नाही. चाचांनी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "मी थांबणारच होतो धाब्यावर. पण तुमी आला असता, तुमचं तोंड बघितलं असतं, तर माझा पाय निघाला नसता. गाडी सांगायची तर तुमच्याकडं बघावं लागतं ना, भाई."

अब्बांची नजर ट्रॅककडं होती. मग त्यांनी विचारलं, "अजून काय?"

"अजून कायबी न्हाय. बाकी गाडी चांगली होती."

"व्हय," अब्बा म्हणाले. "चांगलीच होती."

आणि त्यांनी चाचांच्या हातातला थर्मास घेऊन चहा ओतला. आधी चाचांना दिला. मी ओढणी डोळ्यांना लावून बसले होते, वाळू गेली म्हणून कुणाला सांगायचीही गरज पडली नाही, कारण माझ्याकडं बघत कोण होतं? पुढचे सगळे तास ते दोघं बोलत होते. कुठला हमाल वारला, कुठल्या नाक्यावर कोण अडवायचा, जहिराबादच्या कुठल्या हॉटेलात कीमा चांगला मिळायचा. शेवटचा झेंडा पडला तेव्हा सगळे उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि हे दोघं जुन्या टायरवर नवं रबर चढवावं की नाही यावरून वाद घालत होते. कोण जिंकलं, ते मी हॉटेलवर आल्यावर मोबाइलवर बघितलं.

परत निघताना विमानतळावर दोघं भाऊ गळ्यात पडून रडले. मीही रडले. मागं रांगेतली माणसं खोळंबली होती, पण कुणी काही बोललं नाही.

हैदराबादहून येताना हुमनाबादला बस चहाला थांबली. अब्बा ग्लास हातात घेऊन म्हणाले, "पोरी, मीबी कधी विचारलं न्हाय त्याला. तो सांगंल म्हणून बसून राह्यलो. इतकी वर्षं." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला, तेवढ्यात कंडक्टरनं हाक दिली.

आता सास्तूरला लोक विचारतात, काय आणलं दुबईहून. खजूर वाटून संपले. माझ्याकडं फोटो आहेत, आवाज आहे, पुढच्या वेळी आणखी मोठी शर्यत बघायला युरोपात जायचा बेत आहे, आणि तोही मी जमवणार. पण परवा सकाळी दुकानाला निघाले तर अब्बा ओसरीवर फोन घेऊन बसले होते. चाचांचा नंबर त्यांनी स्वतः लावला होता, पहिल्यांदाच. पलीकडून आवाज आल्याबरोबर ते म्हणाले, "रशीद, जेवलास का?"

मग बराच वेळ ते नुसते ऐकत राहिले.