पानं काढायची की ठेवायची

वैशाली गेल्याचं कळलं तेव्हा मी मनातल्या मनात तिच्याशीच भांडत होते. आमच्या ग्रीनहाऊसमध्ये फोन आत नेता येत नाही. दुपारी जेवायला बाहेर येऊन लॉकर उघडला, तर डार्विन शहरातून तिच्या भावाचे, महेशचे, एकापाठोपाठ एक मिस्ड कॉल. ती सुट्टी घेऊन त्याच्याकडे राहायला गेली होती. मी लगेच परत फोन लावला. "ताई, वैशू गेली गं... सकाळी चहा घेताना छातीत दुखतंय म्हणाली आणि..." आणि मी, खोटं कशाला सांगू, आधी चिडलेच. आमची पैज अर्ध्यावर टाकून ही बाई अशी निघून कशी जाऊ शकते?

आम्ही दोघी सिडनीबाहेर औषधी गांजा पिकवतो... पिकवायचो. सरकारी परवाना, कुंपण, कॅमेरे, सगळं रीतसर. मी पुण्याची, ती निफाडकडची, द्राक्षवाल्यांच्या घरातली. इथल्या युनिव्हर्सिटीत एकत्र शिकलो आणि इथेच राहिलो. सासूबाईंना मी अजून 'औषधी वनस्पती' एवढंच सांगितलंय. वैशालीला असली भीडभाड नव्हती. पेंडल हिलच्या देशी किराणा दुकानात एखाद्या काकूंनी नोकरी विचारली, की कोथिंबिरीची जुडी निवडता निवडता ती खणखणीत आवाजात सांगायची, "गांजा लावतो आम्ही, काकू." आणि मी मसाल्यांच्या रॅकमागे तोंड लपवायचे.

आमचं भांडण एकच, पण वर्षानुवर्षं पुरलेलं. गांजाच्या झाडाला फुलं धरली की मोठी पानं काढावीत की ठेवावीत? औषध असतं फुलात. माझं म्हणणं, पानं काढा. खालच्या फुलांना उजेड मिळतो, हवा खेळते, बुरशी धरत नाही. तिचं म्हणणं, हात लावू नका. द्राक्षाच्या बागेत घडांभोवतीची पानं काढतातच, तेव्हा द्राक्षवाल्यांची मुलगी म्हणजे पानं काढणाऱ्यांतली असणार, असं सगळ्यांना वाटायचं. पण घरच्या बागेत एकदा जास्तच पानं काढली गेली आणि घड उन्हाने करपले, ते तिने लहानपणी बघितलं होतं. "अगं, पानात झाडाचं जेवण शिजतं. हॉल मोठा करायला कुणी स्वयंपाकघर पाडतं का?" "तुझ्या स्वयंपाकघरात उजेडच नाही बाई, झुरळं झालीत तिथे." ती ब्लॅकटाउनहून गाडी घेऊन निघायची, मला वाटेत घ्यायची, आणि माझा सीटबेल्ट लागायच्या आत आमचं सुरू. एकदा या नादात मोटरवेचा एक्झिट चुकला, तर तोही म्हणे माझ्यामुळेच.

शेवटी आमचा मॅनेजर ग्लेन वैतागला आणि म्हणाला, एक खोली घ्या आणि काय ते ठरवून टाका. एकाच झाडाच्या फांद्यांपासून केलेली रोपं, तेच दिवे, तेच पाणी. डावी बाजू तिची, उजवी माझी. जी जिंकेल तिची पद्धत सगळ्या खोल्यांना लागू. काय धमाल आली म्हणून सांगू! सकाळी पार्किंगमधून आम्ही अक्षरशः पळत सुटायचो, कुणाची फुलं किती फुगली ते बघायला. एकदा तिच्या बाजूचं एक पिवळं पडलेलं पान मी सवयीने तोडलं. जरा वेळाने ती हातमोजा नाचवत आलीच. "माझं एक पान गेलंय." एवढ्या गर्द पानांतून तिने तो देठाचा ओला व्रण शोधून काढला होता.

ती गेल्यावर ग्लेनने हळूच विचारलं, ट्रायल बंद करू या का? मी जवळजवळ त्याच्या अंगावर धावून गेले. दोन्ही बाजू मीच सांभाळल्या. तिच्याकडचा पंखा थोडा वाढवावा, तिला जिंकू द्यावं, असं मनात येऊन गेलं. नाही वाढवला. असला फुकटचा विजय तिला मुळीच चालला नसता.

फुलं वाळली, निवडली, वजनं झाली, लॅबचा रिपोर्ट आला. मी जिंकले. माझ्याकडची खालची फुलंही वरच्यासारखी भरलेली. तिच्याकडची खालची भुसभुशीत, काही तर बुरशीमुळे टाकून द्यावी लागली. मी आनंदाने ओरडलेच, सगळे वळून बघायला लागले. आणि मग मला रडू फुटलं. एवढी जिंकले, आणि माझ्यावर चिडायला कुणी नव्हतं.

"वेल डन," ग्लेन म्हणाला. "पुढच्या पिकापासून सगळीकडे पानं काढू."

"थांब जरा," मी म्हटलं. "एका वाणावरून कसं ठरवतोस? हा रुंद पानांचा होता, अरुंद पानांच्या वाणात उजेड आपोआप खाली जातो. आणि मधे खोलीत दमटपणा किती वाढला होता. बुरशी त्याने धरली असेल, पानांनी नाही. पुन्हा लावून बघायला हवं."

त्याने लॅबचा रिपोर्ट माझ्यासमोर धरला. "पण मेट, तू जिंकलीस ना?"

"माझ्या बाजूने बोलायला मी आहे," मी म्हटलं. "तिच्या बाजूने कोण बोलणार?"

परवा नवी रोपं लावली. डावी बाजू वैशालीची आहे. तिथल्या एकाही पानाला मी कुणाला हात लावू देत नाही.